शून्य की मौन? : वायू-विश्लेषक संगणकाला जोडताना

जुन्या, बरेच दिवस न वापरलेल्या विहिरीत माणूस उतरण्यापूर्वी दोराला कंदील बांधून आत सोडायचा, ही पद्धत आपल्याकडे खेडोपाडी होती. कंदील तळापर्यंत जळत राहिला तर माणूस उतरे. मध्येच विझला तर काम थांबे. विहिरीत कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो आणि कंदिलाला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, एवढेच त्यामागचे विज्ञान. साधन म्हणून कंदील फारसा विश्वासाचा नाही. ज्योत विझण्यापूर्वीच माणसाला त्रास होऊ शकतो, आणि विहिरीत जळणारा वायू असला तर कंदीलच अपघाताला कारण होतो. तेव्हा हा प्रयोग आज कोणी करू नये. पण या साध्या साधनात एक गुण होता. कंदिलातले तेल संपले, वात खाली गेली किंवा नुसत्या वाऱ्याने ज्योत गेली तरी उत्तर एकच मिळे : उतरू नका. साधन बिघडले की त्याची चूक नेहमी माणसाच्या हिताच्या बाजूने होई.

आज वायू मोजण्यासाठी आपल्याकडे कंदिलापेक्षा हजारो पटींनी सूक्ष्म साधने आहेत. ती आपले मोजमाप तारेवरून दूरच्या संगणकाला कळवतात. परंतु कंदिलाचा तो गुण त्यांच्यात आपोआप येत नाही; जोडणी करणाऱ्याला तो मुद्दाम आणावा लागतो. हे आम्हाला पुस्तकातून नव्हे, तर यावल तालुक्यातल्या केळी पिकवण्याच्या एका खोलीत कळले. म्हणून त्या खोलीपासूनच सुरुवात करू.

सातपुडा आणि तापी यांच्यामधला यावल-रावेरचा पट्टा केळीसाठी प्रसिद्ध आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. इथली बरीचशी केळी हिरवी असतानाच ट्रकने आणि रेल्वेने उत्तरेकडे जाते व तिकडे पिकवली जाते. मात्र आता आपल्या भागातही पिकवण्याच्या खोल्या, ज्यांना सगळेजण रायपनिंग चेंबर म्हणतात, दिसू लागल्या आहेत. आमचा एक माजी विद्यार्थी अशा चार खोल्या चालवतो. “सर, वायू मोजण्याचं यंत्र घेतलंय. ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जोडून द्या ना,” अशी त्याची विनंती होती. आम्ही पदार्थविज्ञान शिकवणारे; तारा जोडण्याचे काम एका दुपारचे, असे समजून गेलो.

खोलीत दोन वायूंवर लक्ष ठेवावे लागते. पहिला इथिलीन. फळ स्वतःच तयार करीत असलेले हे संप्रेरक पिकण्याची क्रिया सुरू करते. पिकलेले फळ इथिलीन बाहेर टाकते हे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी सफरचंदांवर सिद्ध केले. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळे पिकवण्यास आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू इथिलीनसारखा परिणाम घडवतो खरा, पण कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसची संयुगे अशुद्धी म्हणून असतात. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये इथिलीन वायूचा वापर १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत, मान्य केला. इथिलीन ज्वालाग्राही आहे, पण हवेत ते सुमारे २.७ टक्के, म्हणजे २७,००० पीपीएम झाल्याशिवाय पेट घेत नाही. १०० पीपीएम हे त्याच्या २७० वा भाग. वायू योग्य प्रमाणात सोडला तर आगीची भीती नाही; सिलिंडरची झडप उघडी राहिली तर आहे.

दुसरा वायू कार्बन डायऑक्साइड. तो कोणी सोडत नाही, केळीच सोडते. फळ झाडावरून उतरवले तरी त्याचा श्वास चालूच असतो, आणि पिकताना तो वाढतो. १८ अंश सेल्सिअसला एक किलो केळी दर तासाला साधारण १५ ते ६० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. कमी आकडा हिरव्या केळीचा, जास्त पिकणाऱ्या केळीचा. आता गणित करू. खोलीत १० टन केळी आहे व किलोमागे ३० मिलिलिटर धरले, तर तासाला ३०० लिटर वायू निघेल. क्रेट वगळता मोकळी हवा ६० घनमीटर, म्हणजे ६०,००० लिटर धरू. ३०० भागिले ६०,००० म्हणजे तासाला अर्धा टक्का! खोली अगदी हवाबंद असेल तर दोन तासांत एक टक्का होईल. प्रत्यक्षात थोडी गळती असते, आणि पंख्याने हवा बदलतात. एक टक्क्याच्या वर गेलेला कार्बन डायऑक्साइड इथिलीनच्या कामात अडथळा आणतो. केळी उशिरा आणि असमान पिकते. हे झाले मालाचे. माणसासाठी आठ तासांच्या कामाची सर्वसाधारण मर्यादा ५,००० पीपीएम, म्हणजे अर्धा टक्का आहे. ४०,००० पीपीएम, म्हणजे ४ टक्के, ही पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानतात. वर्गातल्या गणितात सहज लिहिलेल्या या आकड्यांच्या मधोमध एक माणूस क्रेट हलवायला दार उघडून आत जातो, हे लक्षात ठेवून पुढे वाचावे.

यंत्र काय सांगते, तार काय सांगते

कार्बन डायऑक्साइडचा रेणू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण शोषून घेतो. विश्लेषकात एका टोकाला अवरक्त किरणांचा दिवा, मध्ये खोलीतली हवा ज्यातून वाहते अशी नळी आणि दुसऱ्या टोकाला या तरंगलांबीपुरताच प्रकाश आत सोडणारा गाळणपडदा व संवेदक असतो. वायू जितका जास्त तितका संवेदकापर्यंत पोचणारा प्रकाश कमी. चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतील मौना लोआ पर्वतावर १९५८ मध्ये याच तत्त्वावरच्या विश्लेषकाने वातावरणातला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. त्या वर्षी तो सुमारे ३१५ पीपीएम होता. आज ४२० च्या पुढे गेला आहे. कीलिंग यांची एक सवय आपल्याला उपयोगी आहे : नुसती हवा मोजून ते थांबत नसत, ठराविक वेळाने विश्लेषकातून प्रमाण माहीत असलेला संदर्भ वायू सोडून यंत्र खरे बोलते आहे की नाही हे पाहत. त्यांच्या यंत्राची नोंद कागदाच्या पट्टीवर पेनाने होई. पेन अडकले तर सरळ रेघ उमटे, आणि ती पाहताच डोळ्यांना संशय येई. संगणकाच्या पडद्यावरच्या नुसत्या आकड्याला हा फायदा नाही.

संवेदकाचा संदेश तारेवरून नेण्याची जुनी आणि आजही कारखान्यांत सर्वत्र दिसणारी रीत म्हणजे ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह. विश्लेषकाचा पल्ला ० ते ५ टक्के असेल तर ० टक्क्याला ४ मिलिअँपिअर, ५ टक्क्यांना २० आणि अडीच टक्क्यांना १२. विद्यार्थी इथे हमखास विचारतात : शून्यासाठी शून्यच का नाही? विचारायलाच हवे. शून्य टक्क्याला शून्य प्रवाह ठेवला असता तर तार तुटल्यावरही ‘वायू नाही’ असेच वाचले गेले असते. चारपासून सुरुवात केल्यामुळे वायू नसला तरी तारेत प्रवाह असतो, आणि प्रवाहच नसला तर तार तुटली हे उघड होते. प्रत्यक्षात प्रवाह ३.६ मिलिअँपिअरच्या खाली गेला की बिघाड समजण्याची प्रथा आहे. शून्य म्हणजे ‘मी पाहिले, काही नाही’ आणि मौन म्हणजे ‘मी पाहिलेलेच नाही’. ज्याने कोणी ही रीत पाडली त्याने या दोहोंतला भेद तारेतच विणून ठेवला.

पुढची पायरी अंकांची. विश्लेषक आकडाच तयार करून एकामागून एक बिट पाठवतो. आरएस-२३२ ही जोडणी जुन्या संगणकांच्या पाठीमागे असे. पाठवण्याची, घेण्याची आणि सामाईक अशा तीन तारांत काम होते, पण अंतर १५ मीटरच्या आसपासच. आरएस-४८५ मध्ये पिळलेल्या दोन तारांवरून १,२०० मीटरपर्यंत जाता येते व एकाच जोडीवर ३२ यंत्रे टांगता येतात. दोन्हींत बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा वेग एकच असावा लागतो. एकीकडे ९,६०० आणि दुसरीकडे १९,२०० ठेवले तर पडद्यावर निव्वळ कचरा येतो. हा बिघाड त्रासदायक असला तरी प्रामाणिक आहे. कचरा पाहून कोणी फसत नाही.

आमच्या विद्यार्थ्याच्या विश्लेषकाला मात्र इथरनेटचे तोंड होते, म्हणजे ऑफिसातल्या संगणकाला असते तेच. केबल १०० मीटरपर्यंत चालते, आणि खोल्या ऑफिसपासून चाळीस मीटरवर होत्या. बिनतारी जोडणीचा मोह आम्हालाही झाला होता. पण या खोल्यांच्या भिंती दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या असतात. दार लागले की धातूचा डबाच तयार होतो. आत ठेवलेला मोबाइल हाताच्या अंतरावरच्या वायफायलाही ओळखेनासा झाला. म्हणून केबलच टाकली आणि विश्लेषकही खोलीबाहेर ठेवून हवा नळीने ओढून घेतली. आतली आर्द्रता ९० ते ९५ टक्के असते. नळीत पाणी साचते, ते अडवण्यासाठी मध्ये एक सापळा लागतो, आणि तो दररोज रिकामा करावा लागतो. हे संगणकाचे काम नाही, माणसाचे आहे, पण ते चुकले तर संगणकावरचा आकडा चुकतो.

आता पत्त्याची गोष्ट. जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला चार भागांचा आयपी पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. (संगणकावर हे अंक अर्थातच इंग्रजीत टंकायचे.) १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते यावलमध्येही असतात आणि न्यूयॉर्कमध्येही, आणि एकमेकांच्या आड येत नाहीत. पत्त्याबरोबर एक मास्क द्यावा लागतो. तो २५५.२५५.२५५.० असेल तर अर्थ असा : पहिले तीन भाग म्हणजे गल्ली, शेवटचा भाग म्हणजे घराचा क्रमांक. एका गल्लीतली घरे एकमेकांना थेट हाक मारू शकतात. विश्लेषकाला कारखान्यातून १९२.१६८.०.१०० हा पत्ता मिळालेला होता आणि ऑफिसातला संगणक १९२.१६८.१.२० होता. केबल ठीक, दिवे लुकलुकत आहेत, तरी संवाद नाही! तिसऱ्या भागात एकीकडे ० आणि दुसरीकडे १, म्हणजे गल्ल्या वेगळ्या. अशा वेळी एका लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.०.५ असा पत्ता द्यावा, त्यावरून विश्लेषकात शिरावे आणि त्याचा पत्ता बदलून ऑफिसच्या गल्लीत आणावा. आम्हाला हे सुचायला दुपार गेली.

मग संगणकावरून पिंग ही आज्ञा दिली आणि उत्तर आले. पिंग म्हणजे हाक मारणे आणि पलीकडच्याने ‘ओ’ देणे. टाळ्या झाल्या, चहा झाला. पण ओ देणारा माणूस जागा आहे एवढेच हाकेवरून कळते. तो काय पाहतो आहे हे नाही.

जिथे आम्ही चुकलो

विश्लेषक आणि संगणक यांची बोली मॉडबस होती. ही बोली १९७९ ची आहे आणि आजही कारखान्यांत तीच चालते, कारण ती फार सोपी आहे. संगणक विचारतो, ‘अमुक क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये काय आहे?’ आणि यंत्र एक संख्या सांगते. संख्येबरोबर तिचे एकक येत नाही, नाव येत नाही, ती किती वाजताची हेही येत नाही. सगळा अर्थ आपण लावायचा. यंत्राच्या पुस्तिकेत रजिस्टरांची मोजणी एकपासून असते आणि तारेवर ती शून्यापासून होते. एकाचा फरक पडला की आपण शेजारचे रजिस्टर वाचतो. पहिल्या दिवशी आमच्या पडद्यावर कार्बन डायऑक्साइड १८१ दिसत होता. तो १८.१ अंश तापमानाचा आकडा निघाला. बाहेरच्या हवेतच ४२० पीपीएम असतो, मग खोलीत १८१ कसा, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला म्हणून चूक सापडली. अपेक्षित उत्तर आधी माहीत असण्याचा उपयोग तो हा.

याहून वाईट दोन सापळे आहेत, आणि ते वर्गात फळ्यावर सोडवण्यासारखे आहेत. एका रजिस्टरमध्ये १६ बिट मावतात, म्हणजे ० ते ६५,५३५ या संख्या. त्याच १६ बिटांत ऋण संख्याही लिहिता येतात; तेव्हा पल्ला −३२,७६८ ते ३२,७६७ होतो. विश्लेषक पहिल्या पद्धतीने लिहीत असेल आणि संगणक दुसऱ्या पद्धतीने वाचत असेल तर ३२,७६७ पर्यंत काहीच चूक दिसत नाही. सगळे सुरळीत चालते. पण खोलीत ४०,००० पीपीएम झाले की संगणक वाचतो ४०,००० वजा ६५,५३६, म्हणजे −२५,५३६. धोक्याची घंटा ‘आकडा ५,००० पेक्षा जास्त झाला तर वाज’ अशी लावलेली असेल तर आकडा चढत असताना ती वाजत राहील, आणि नेमकी जीवघेण्या पातळीवर गप्प होईल!

दुसरा सापळा अपूर्णांकांचा. अपूर्णांक ३२ बिटांत लिहितात आणि तो दोन रजिस्टरांत अर्धा अर्धा ठेवतात. १.० ही संख्या १६,२५६ आणि ० या जोडीने लिहिली जाते. कोणता अर्धा आधी, याबाबत कंपन्यांचे एकमत नाही. उलट क्रमाने वाचले तर जी संख्या बनते ती इतकी लहान असते की दशांशचिन्हानंतर चाळीस शून्ये लिहिली तरी तिचा पहिला अंक येत नाही. पडद्यावर ती ०.०० दिसते. म्हणजे खोलीत नेमका एक टक्का आणि संगणकावर शून्य. इतर संख्या उलटल्या की कधी अवाढव्य, कधी निरर्थक काहीतरी दिसते, त्यामुळे शंका तरी येते. ०.०० पाहून कोणाला शंका येणार?

हे दोन्ही सापळे आम्ही वेळीच पाहिले. फसलो ते तिसऱ्यात. विश्लेषकाचा पत्ता बदलताना आम्ही तो ‘आपोआप घेणे’ या पर्यायावर ठेवला होता. त्यात राउटर हा धर्मशाळेच्या व्यवस्थापकासारखा वागतो. येईल त्या पाहुण्याला रिकामी असेल ती खोली देतो. पुढे एका संध्याकाळी वीज गेली. ती परतल्यावर सगळी यंत्रे पुन्हा सुरू झाली, कोणाचा मोबाइल आधी जोडला गेला आणि विश्लेषकाला वेगळा पत्ता मिळाला. संगणक जुन्याच पत्त्यावर विचारत राहिला आणि उत्तर न मिळाल्याने शेवटचा मिळालेला आकडा तसाच दाखवत राहिला : ०.६ टक्के. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही ०.६. पंखा किती वेळ चालवायचा हे त्या आकड्यावरून ठरत होते, म्हणून तो चालवलाच गेला नाही. सकाळी क्रेट काढायला आत गेलेला कामगार लगेच बाहेर आला. दम लागतो आहे, डोके जड झाले आहे, म्हणाला. हातातल्या मीटरने दारातच मोजले तर २.८ टक्के. तो अर्ध्या तासात बरा झाला. “सर, आकडा तर बरोबर दिसत होता,” एवढेच आमचा विद्यार्थी फोनवर म्हणाला. त्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते, कारण तो आकडा दाखवणारा प्रोग्राम आम्ही लिहिला होता.

दुरुस्ती करताना पत्ता पक्का करणे हे सर्वांत सोपे काम होते. विश्लेषकाला राउटरच्या वाटपाबाहेरचा कायमचा पत्ता दिला आणि तो यंत्रावर कागद चिकटवून लिहून ठेवला. (हा कागद फार महत्त्वाचा. पत्ता ज्याला माहीत होता तो माणूस नोकरी सोडून गेल्यामुळे पडून राहिलेली यंत्रे आम्ही पाहिली आहेत.) खरे काम मौनाला आवाज देण्याचे होते. प्रोग्राम आता प्रत्येक आकड्याशेजारी तो कधी मिळाला ती वेळ दाखवतो. एका मिनिटात नवा आकडा आला नाही तर जुना पुसून टाकतो आणि तिथे शून्य न दाखवता ‘माहिती नाही’ असे लाल अक्षरांत लिहितो. नोंदवहीच्या फाइलमध्येही ती जागा कोरी राहते. शून्य भरले तर महिन्याची सरासरी खोटी कमी येईल. बऱ्याच विश्लेषकांत दर सेकंदाला एकाने वाढणारे एक रजिस्टर असते. तेही आम्ही वाचू लागलो, कारण कधी कधी यंत्राचे जाळ्याकडचे तोंड जिवंत असते आणि मोजणारा भाग गोठलेला असतो. पिंगला ओ मिळते, आकडाही मिळतो, पण तो शिळा असतो. मोजणी वाढत नसेल तर आकड्यावर विश्वास नाही. वीज आल्यानंतर विश्लेषकाचा दिवा आणि नळी तापून स्थिर व्हायला वेळ लागतो; तोवरचे आकडेही ‘माहिती नाही’ मध्येच टाकले.

आणि दाराजवळची घंटा जाळ्यातून पूर्णपणे काढून घेतली. विश्लेषकातच एक रिले असतो. तो अशा रीतीने जोडला की सर्व ठीक असेल तेव्हा रिलेतून वीज वाहत राहते व घंटा गप्प असते. वायू वाढला, तार तुटली किंवा विश्लेषकाची वीज गेली तरी रिले सुटतो आणि बॅटरीवरची घंटा वाजते. विहिरीतल्या कंदिलाचीच ही रीत. संगणक, केबल, राउटर यांतले काहीही बिघडले तरी तिच्यावर परिणाम होत नाही. भारनियमनाच्या दिवसांत ती उगाच वाजते, शेजारी तक्रार करतात. ती तक्रार ऐकून घंटा काढून टाकू नये, असे आम्ही त्या मुलाकडून वचनच घेतले आहे.

घड्याळाचे एक राहिले. विश्लेषकाचे घड्याळ जागतिक वेळेवर असेल तर ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. सकाळी सहाला लावलेला पंखा नोंदीत मध्यरात्री साडेबाराला लागलेला दिसतो, आणि पंखा लावून वायू कमी झाला की नाही याचा मेळ लागत नाही. दोन्हीकडची घड्याळे जुळवणे पाच मिनिटांचे काम आहे. शिवाय मॉडबस या बोलीत परवलीचा शब्द नाही. जो विचारेल त्याला ती उत्तर देते आणि जो सांगेल त्याचे ऐकते. म्हणून घरबसल्या मोबाइलवर आकडा दिसावा यासाठी राउटरमधून विश्लेषकाची वाट थेट इंटरनेटला उघडी करू नये. संगणकाने आकडा वाचून तेवढाच पुढे पाठवावा. मोठ्या प्रमाणावर हेच प्रश्न येतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये औष्णिक वीज केंद्रांसह १७ प्रकारच्या उद्योगांना धुराड्यातील वायूंची व सांडपाण्याची मोजमापे जाळ्यावरून सतत मंडळाकडे पाठवण्याचे निर्देश दिले. तिथेही न आलेला आकडा आणि शून्य आलेला आकडा यांत गल्लत झाली तर धूर स्वच्छ असल्याचे भासेल.

शाळेत हे सर्व करून पाहण्यासाठी महागडा विश्लेषक नको. अवरक्त तत्त्वावरचे कार्बन डायऑक्साइडचे छोटे संवेदक मिळतात, आणि ज्या शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा आहे तिथे ते जोडण्यापुरते सर्किट बोर्डही असतात. २० लिटरचा झाकणाचा प्लॅस्टिक डबा घ्या. त्यात डझनभर पिकू लागलेली केळी, साधारण दीड किलो, आणि संवेदक ठेवा. किलोमागे तासाला ३० मिलिलिटर धरले तर ४५ मिलिलिटर, म्हणजे २० लिटरमध्ये तासाला सुमारे २,२५० पीपीएम वाढ दिसली पाहिजे. उन्हाळ्यातल्या आपल्याकडच्या तापमानाला याहून जास्तच. डबा भरण्यापूर्वी संवेदक अंगणात ठेवून आकडा ४२० च्या जवळपास येतो का ते पाहा. मग त्याच्यावर एक फुंकर घाला. आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे ५,००० चा पल्ला असलेला संवेदक ५,००० वरच अडकून बसेल. पल्ल्याच्या टोकाला टेकलेला आकडा हे मोजमाप नसते, हे मुले इथे शिकतात. स्वस्त संवेदकांत एक सोय असते : गेल्या काही दिवसांतला सर्वांत लहान आकडा म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा, असे गृहीत धरून ते स्वतःला सुधारून घेतात. बंद डब्यात अनेक दिवस ठेवायचे असेल तर ही सोय बंद करावी, नाहीतर संवेदक डब्यातल्या कोंदट हवेलाच स्वच्छ समजू लागतो.

आलेख वर चढू लागला की मुलांना पाठ करून उभे करा आणि केबल हळूच काढा. दहा मिनिटांनी पडदा वाचायला सांगा. केबल निघाली आहे हे नुसते पडद्यावरून किती जणांच्या लक्षात येते आणि कशावरून, हे वहीत लिहून घ्या. नंतर ज्या गटाचा प्रोग्राम गप्प राहिला त्यांनी तो बदलावा, आणि दुसऱ्या दिवशी केबल काढण्याची पाळी दुसऱ्या गटाला द्यावी.